मास्तरांच्या वाट्याचं काम

१

त्या सोमवारी फाटकाशी रांग नेहमीपेक्षा सावकाश सरकत होती. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सोमवारची रांग असतेच मेंगळट. कार्ड यंत्राला टेकवायचं, हिरवा दिवा लागायचा, काचेचं दार सरकायचं, माणूस आत. पण त्या दिवशी मधूनच लाल दिवा लागत होता. लाल लागला की पहारेकरी मोठ्या अदबीनं पुढे होऊन म्हणायचा, "जरा इकडे येता का?" इकडे म्हणजे बाजूच्या काचेच्या खोलीत. तिथे टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि कागदी रुमालांचे खोके आधीच मांडून ठेवले होते. ते खोके दिसले आणि रांगेतली कुजबुज बंद झाली.

काकू रांगेत मागे होती. काकू हे तिचं ऑफिसातलं नाव. वय चाळिशीच्या अलीकडेच होतं, पण दुपारी "उठा रे, दोन घास खाऊन घ्या, काम काही पळून जात नाही" असं म्हणत ती सगळ्यांना खुर्चीतून उठवायची, म्हणून हे बिरुद चिकटलं होतं. तिच्या पुढे मास्तर उभे होते. तेही काही खरे मास्तर नव्हेत, तिच्यासारखेच इंजिनियर. पण नव्या मुलांना समजावताना फळ्यावर चित्रं काढायचे, आणि चित्र काढताना ओठांचा चंबू करून हलकी शीळ घालायचे. एक सूर खाली, दोन वर, आणि मग कुणी उत्तर देणार असल्यासारखे थांबायचे. त्यांचं टेबल शेजारीच असल्यामुळे काकूला ती शीळ पंख्याच्या घरघरीइतकी सवयीची झाली होती.

मास्तरांनी कार्ड टेकवलं. लाल. त्यांनी ते शर्टाला पुसलं आणि पुन्हा टेकवलं. लाल.

"जरा इकडे येता का, सर?"

मास्तर वळले. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. "काकू," ते म्हणाले, "ते निरोपाचं जरा बघा हं."

एवढं बोलून ते खोलीत गेले. काकूचा दिवा हिरवा लागला.

कंपनी अवाढव्य होती. तिच्या हजार उद्योगांपैकी एक म्हणजे लोकांच्या फोनवर बारीकसारीक निरोप पोचवणं. तुमची गाडी उशिरा येतेय, उद्या डॉक्टरांची वेळ आहे, पार्सल शेजारी ठेवलंय. हे निरोप जिच्यातून जात ती यंत्रणा मास्तरांनी लहानाची मोठी केलेली. तिच्या खोड्या त्यांनाच ठाऊक.

दुपारी उरलेल्यांना गोळा करून मॅनेजर म्हणाला, "आपण एक कुटुंब आहोत."

"मग घरच्यांनाच फाटकावरून का हाकललं?" मागून कुणीतरी पुटपुटलं. कुणी हसलं नाही. जात्यातले भरडले गेले होते, आणि सुपातल्यांची हसायची छाती नव्हती. मग मन प्रसन्न कसं ठेवावं हे शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले. डोळे मिटल्यावर रिकाम्या खुर्च्या दिसत नव्हत्या, एवढा मात्र फायदा झाला.

त्यानंतर गेलेल्यांच्या कामाची वाटणी झाली. "मास्तरांचं तुमच्याकडे," मॅनेजर काकूला म्हणाला.

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळेल."

आणि खरंच कळलं. महिनाभर डोकं आपटावं लागणार असं धरून ती बसली होती. पण कुठली गाठ कुठे सोडायची, कुठल्या जागी हात लावायचा नाही, हे तिच्या बोटांना आधीच ठाऊक असल्यासारखं झालं. दिवे लागायच्या आत दिवसाचं काम हातावेगळं झालं. ती मागे रेलून बसली, तेव्हा समोरच्या टेबलावरची मौनीबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. दिवसाकाठी चार शब्द बोलणारी पोरगी, म्हणून ती मौनीबाई.

"काकू, तुम्हाला शीळ घालता येते?"

"छे! लहानपणी भावानं शिकवून शिकवून हात टेकले. नुसती हवा जायची."

"आत्ता घालत होतात," मौनीबाई म्हणाली.

२

काकूचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले, त्यामुळे घराला कायम ओल्या प्लास्टरचा वास असे. काकूची आई त्यांच्याकडे राहायला आली होती. आईचे गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती.

त्या आठवड्यात एकदा तिघं जेवायला बसली होती. नवरा कुठल्यातरी आजोबांची गंमत सांगत होता. नवी कवळी बसवल्यावर त्यांना म्हणे स्वतःचंच हसू आवडेना. काकू ऐकत होती, आणि ऐकता ऐकता म्हणाली, "तिला झोपताना दूध बाटलीनं नका देऊ. कपानं द्या. बाटलीनं तिचा कान दुखतो."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कुणाचा कान?"

काकूनं आठवून पाहिलं. "मास्तरांच्या मुलीचा. जेवताना बोलले असतील कधीतरी."

"मग ते आम्हाला कशाला सांगतेस? आमच्यात बाटलीनं दूध पिणारं कोण आहे? आई, तुम्ही पिता का?"

आई हसली. काकूही हसली. बोलले असतील, तिनं मनाशी ठरवलं. माणूस शेजारी बसतो, सतरा गोष्टी कानावर पडतात, नको तेव्हा बाहेर येतात. त्यात काय एवढं?

जेवणं झाल्यावर ती ओट्यापाशी भांडी विसळत उभी होती. पाठीमागून आई म्हणाली, "अगं, झुलतेस काय अशी?"

"कुठे झुलतेय?"

"डाव्या अंगावर भार देऊन. खांद्यावर मूल झोपवल्यासारखी."

आई बोलून गेली आणि लगेच गप्प झाली. पुढच्या खोलीतला नवऱ्याच्या कानशीचा आवाजही थांबला. त्या घरात मूल नव्हतं. काही वर्षं दवाखान्याच्या खेपा झाल्या होत्या, मग त्याही थांबल्या, आणि तो विषय कुणी काढायचा नाही असं न ठरवताच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर उभी असताना काकूला मानेशी ऊब जाणवली. डाव्या बाजूला, कानाखाली. दमट, सावकाश येणारा-जाणारा श्वास. आणि खांद्यावर भार. झोपेत सैल पडलेल्या डोक्याचा असतो तसा. तिनं मान वळवली नाही. बस आली, लोक चढले, बस गेली. ती तशीच उभी होती. थोड्या वेळानं भार उतरला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण ती उशिरा. आधी जे वाटलं ते भीतीसारखं नव्हतंच.

३

काम वाढतच होतं. मास्तरांचं अधिक स्वतःचं, आणि वर कुणाकुणाच्या उष्ट्याखरकट्याची भर. दर शुक्रवारी पडद्यावर पाच चेहरे यायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि खाली प्रश्न असायचा, तुम्ही आज किती आनंदी आहात? सगळे न चुकता सर्वांत हसरा चेहरा दाबायचे. रडका दाबणाऱ्याचा पुढच्या खेपेला नंबर लागतो अशी वदंता होती. काकू आता दुपारी कुणाला जेवायला उठवत नसे. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आली ती मौनीबाई. ती बोलायला लागली होती.

तिच्या वाट्याला रेडिओचं काम आलं होतं. रेडिओ म्हणजे त्यांच्यातला एक गडगडाटी हसणारा, सतत बोलणारा माणूस. मास्तरांबरोबर त्याच सकाळी गेलेला. आता जेवणाच्या हॉलमध्ये मौनीबाईभोवती घोळका जमे. ती हातवारे करी, मॅनेजरची नक्कल करी, टेबलावर थाप मारून गडगडाटी हसे. लोक म्हणत, बघा, संकटात माणूस कसं खुलतं!

काकूनं तिला जिन्यात गाठलं. "हे हसू तुझं आहे का गं?"

मौनीबाई खदखदून हसली. "काकू, तुम्ही पण ना! हसू काय दुकानातून आणतात?" मग इकडेतिकडे बघत जवळ सरकली. हसणं चेहऱ्यावर तसंच होतं, आवाज मात्र बारीक झाला. "मला सिगारेटची तलफ येते. मी आयुष्यात ओढलेली नाही. आणि परवा एका बाईचा वाढदिवस विसरले म्हणून दिवसभर जीव खाली-वर होत होता. कोण ती बाई, मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय? काम होतंय ना? नका खोलात शिरू." आणि टाळी द्यायला हात पुढे करून ती पुन्हा हसत सुटली.

काकूनं त्याच दुपारी मास्तरांचा नंबर लावला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. काकू त्यांना कधी भेटली नव्हती, तरी पटकन "वहिनी" म्हणून गेली. मास्तर कसे आहेत, असं तिनं विचारलं.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एकदा येऊन बघून जाल का?"

४

रविवारी दुपारी ती गेली. पत्ता फोनवर घेतला होता, मजला विचारायचा राहिला होता. ते तिच्या लक्षात आलं ते वर, दारापुढे उभी राहिल्यावर. वाटेत एक पायरी कडेला निखळली होती, तीही तिनं न बघता ओलांडली होती. घंटेचं बटण अडकायचं, ते कडेनं दाबावं लागायचं. तिनं कडेनं दाबलं.

दार वहिनींनी उघडलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण घर स्वच्छ होतं. भिंतीला लागून खेळण्यांची टोपली, एक लाल रंगाची लहानशी खुर्ची. खिडकीपाशी मास्तर बसले होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, हात मांडीवर उताणे ठेवलेले.

"या, या," ते अगत्यानं म्हणाले. "बसा. आपण कोण?"

"अहो, या काकू. ऑफिसात तुमच्या शेजारी बसायच्या."

"हो का? वा, छान," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

वहिनी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय. नोकरी गेली की होतं असं. पण ताई, माझे वडीलही नोकरी जाऊन घरी बसले होते. ते चिडायचे, रडायचे, भांडी आपटायचे. हे काहीच करत नाहीत. मुलीला उचला म्हटलं तर विचारतात, कसं? थट्टा नाही करत हो. हात पुढे करतात आणि एखादं जड पार्सल कुठून धरावं तसे बघत राहतात."

"आणि मुलगी?"

"छकू? ती त्यांच्याजवळ जात नाही. झोप धड नाही तिला. आणि मध्येच कधीकधी बसल्या जागी गप्प होते. हाक मारली तरी ओ देत नाही. मग येते भानावर."

पाण्याचा पेला हातात घेऊन काकू नळाकडे वळली आणि तो विसळायला लागली. वहिनींनी तिचा दंड घट्ट धरला तेव्हा तिला कळलं की आपण शीळ घालतोय. एक सूर खाली, दोन वर.

आतल्या खोलीतून धावत्या पावलांचा आवाज आला. "बाबा!"

तीनेक वर्षांची पोर दारात येऊन थबकली. खिडकीपाशी बसलेल्या मास्तरांकडे तिनं पाहिलं. मग काकूकडे पाहिलं. आणि सरळ काकूपाशी येऊन दोन्ही हात वर केले.

काकूनं तिला उचललं. भार ओळखीचा होता. पोरीनं डोकं डाव्या खांद्यावर टेकलं, श्वास कानाखाली आला, आणि काकू झुलायला लागली. बघता बघता पोर झोपून गेली.

तिच्या केसांवरून काकूनं नजर वर केली, तर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी ओठांचा चंबू केला होता. नुसती हवा जात होती. रस्त्यात परक्याच्या अंगावर आपलाच कोट दिसावा तसे ते काकूकडे बघत होते. क्षणभरच. मग त्यांची नजर पुसली गेली, आणि "बसा ना, उभ्या का?" असं म्हणून ते खुर्चीकडे परत गेले.

वहिनींनी दोघांनाही पाहिलं होतं. "ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मला माहीत नाही, वहिनी. देवाशपथ."

"जे काय असेल ते. परत देता येईल का?"

"मी साहेबांशी बोलते," काकू म्हणाली. त्या वेळी ती मनापासून बोलत होती.

५

तीन-चार दिवस मॅनेजर तिच्या हाती लागला नाही, आणि तेवढ्यात रेडिओ परत आला.

दुपारची वेळ होती. मौनीबाई घोळक्यात उभी राहून कसलासा किस्सा सांगत होती. किस्सा रंगात आला होता, तिनं एक हात हवेत उचलला होता, आणि वाक्याच्या मध्येच तिचा आवाज गेला. तोंड उघडं, हात वर, शब्द नाही. लोकांना वाटलं, ती मुद्दाम थांबली आहे. तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमधून गडगडाटी हसू ऐकू आलं. सगळे तिकडे धावले. रेडिओ दारात उभा होता. उरलेल्यांवर ताण फार पडतोय म्हणून गेलेल्यांपैकी थोड्यांना कंत्राटावर बोलवायचं वरून ठरलं होतं, आणि पहिला नंबर त्याचा लागला होता.

"काय सांगू राव," तो प्रत्येकाच्या पाठीत थाप मारत सांगत होता, "घरी बसून जीभच जड झाली होती. बायको म्हणाली, तुम्ही आहात की नाही तेच कळत नाही. आत्ताच सहीचं काम उरकलं आणि असं मोकळं वाटलं!"

मौनीबाई एकटीच हॉलमध्ये उरली होती. काकू तिच्याजवळ गेली.

"बरी आहेस ना?"

तिनं मान हलवली. मग जुन्या बारीक आवाजात म्हणाली, "शांत वाटतंय. पण आत कुणीच नाही, काकू. मीच आहे फक्त."

म्हणजे परत देता येतं. जागेवर बसेपर्यंत काकूच्या मनात दुसरं काही नव्हतं. नुसतं काम ज्याचं त्याला मिळालं की झालं. आणि संध्याकाळी मॅनेजरनं तिला आपण होऊन बोलावलं.

"मास्तरांना कंत्राटावर घेता येईल," तो म्हणाला. "निरोपाचं काम त्यांच्याकडे परत जाईल, तुम्ही तुमचं जुनं बघा. तुमच्या जागेला काही धोका नाही, मी शब्द देतो. फक्त वर कळवायला कारण लागतं. दोन माणसांचं काम एकटीला झेपत नाही, ताण पडतोय, असं तुम्ही म्हणायला हवं. पडतोय ना?"

हेच तर मागायला ती येणार होती. हो म्हणायचं, की संपलं. मास्तर उद्या फळ्यापाशी उभे राहतील, वहिनी झोपतील, पोर आपल्या बापाकडे धावत जाईल.

खोलीत एसीची गुरगुर होती. मॅनेजर पेन टकटक वाजवत होता. काकूच्या मानेशी ऊब आली. दमट श्वास, एक, आणि मग दुसरा. खांद्यावर भार अलगद टेकला. तिनं खांदा जरासा वर केला, डोकं घसरू नये म्हणून.

हा भार जाईल. उद्या सकाळी बसथांब्यावर मी असेन आणि नुसता वारा असेल.

"काकू? ताण पडतोय का?"

ताण पडतोय म्हणणारी माणसं टिकत नाहीत, तिनं स्वतःला बजावलं. याच्या शब्दाचा काय भरवसा? आपल्या पोटावर पाय कोण आणतं? सगळं खरंच होतं ते. ऑफिसातल्या कुणालाही पटलं असतं.

"छे, ताण कसला?" ती म्हणाली. "मला जमतंय की. कुणाची गरज नाही."

मॅनेजरचा चेहरा खुलला. "याला म्हणतात उमेद," तो म्हणाला.

६

वहिनींना तिनं सांगितलं, "बोलले आहे. वरून उत्तर यायचंय."

आणि ती दर रविवारी जायला लागली. नवऱ्याला सांगायची, ऑफिसात जादा काम आहे. पोर शीळ ऐकून धावत यायची, काकू तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरायची, पोर झोपायची. वहिनी भिंतीला टेकून बसायच्या आणि बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागायचा. त्या थकून गेल्या होत्या. डोळा उघडला की पहिला प्रश्न, "उत्तर आलं का हो ताई?"

"अजून नाही. मोठ्या कंपन्यांत घोडं कुठे पेंड खातं, सांगता येत नाही."

मास्तर खिडकीपाशी असायचे. दर खेपेला नव्यानं ओळख करून घ्यायचे. त्यांचं अगत्य दिवसेंदिवस वाढत होतं, आणि आवाज फिका पडत चालला होता. काकू त्यांच्याकडे पाठ करून फिरायची.

घरी आई एकदा म्हणाली, "तू हल्ली आमच्यात नसतेसच." काकूला ते ऐकू आलं नाही. खांद्यावरचा भार आता रविवारची वाट बघत नसे. बसमध्ये, ऑफिसात, अंघोळ करताना, केव्हाही यायचा. सुरुवातीला घटकाभर थांबायचा. मग अख्खी दुपार. ती एका हातानं काम करायला शिकली.

"छकू फारच गप्प असते हो," वहिनी म्हणाल्या. "दुपार दुपार एका जागी बसते. डोळे उघडे, पण आवाज दिला तर लक्षच नाही. डॉक्टरांना दाखवू का?"

"लहान मुलं बसतात अशी," काकू म्हणाली. बोलताना तिनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला, आणि कुठला रविवारचा भार आणि कुठला एरवीचा, हे आपल्याला वेगळं सांगता येणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

७

पुढच्या रविवारी दार साखळीपुरतंच उघडलं.

फटीत वहिनींचा चेहरा होता. आज तो थकलेला नव्हता.

"मी परवा तुमच्या ऑफिसात गेले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपण स्वतः हात जोडून विचारावं. खाली येऊन भेटले तुमचे साहेब. चांगला माणूस आहे. म्हणाले, आम्ही तर घ्यायला तयार होतो, त्या नको म्हणाल्या."

"वहिनी, तुम्हाला तिथली हवा माहीत नाही. ताण पडतो म्हटलं की माणूस घरी जातो. मला भीती..."

"भीतीपोटी केलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. पण वहिनी डोळ्याला डोळा भिडवून बघत होत्या, आणि काकूनं मान खाली घातली.

आतल्या खोलीत पोर रडत होती. तिला बहुतेक कोंडून ठेवलं होतं. दारावर चिमुकल्या हातांच्या थापा ऐकू येत होत्या. "बाबा! बाबा!" काकूचे ओठ आपोआप जवळ आले.

"नाही!" वहिनी ओरडल्या. "शीळ घातलीत तर याद राखा."

काकूनं तोंडावर हात दाबला.

वहिनींच्या मागे मास्तर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि त्यावर पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसाचं हसू होतं. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"बरं." ते जायला वळले आणि थांबले. "मघापासून कुणाचं तरी लेकरू रडतंय. घरी कुणी मोठं माणूस नाही वाटतं त्याच्या?"

वहिनींनी डोळे मिटले. मग उघडले, काकूकडे एकदा नीट पाहिलं, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

काकू दारापुढे उभी राहिली. रडणं दारातून ऐकू येत होतं. आता जावं, तिनं ठरवलं. उद्या साहेबांना सांगावं, झेपत नाही म्हणून. उद्या सकाळी पहिलं काम तेच. तिनं तोंडावरचा हात काढला. शीळ घातली नाही. नुसती उभी राहिली, आणि नकळत झुलायला लागली.

मानेशी ऊब आली. भार टेकला. नेहमीसारखा सावकाश नाही. धावत येऊन कुणी गळ्यात पडावं तसा. श्वास आधी हुंदक्यांचा होता, मग लांबला, शांत झाला.

आत रडणं थांबलं होतं. दारावरच्या थापाही थांबल्या होत्या.

"छकू?" आतून वहिनींची हाक आली, साधीच. मग आतलं दार उघडल्याचा आवाज. "छकू, इकडे बघ. अगं बाळा, इकडे बघ ना." मग काहीतरी पडलं, बहुधा ती लहान खुर्ची. "छकू! अहो, इकडे या! ही बघा ना कशी करतेय! छकू!"

घंटेचं बटण काकूच्या हाताशी होतं. कडेनं दाबलं की वाजलं असतं.

तिनं डावा हात हळूच उचलून खांद्याशी नेला, काहीच नसलेल्या जागी तळवा टेकवला, आणि उजव्या हातानं कठडा धरून, झोप मोडू नये अशा बेतानं, एकेक पायरी उतरायला लागली.